नाना, तुम्ही आप्पांना बोलू दिलेत

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार.

आमच्या विहिरीवरचे इंजिन तुम्ही सुरू करून दिलेत आणि बदल्यात घेतलेत ते फक्त रिंगा, नोझल आणि पॅकिंगचे पैसे. मजुरीचा विषय काढला की तुम्ही हात झटकून चहा मागायचात. ज्याने पैसे घेतले नाहीत त्याचे आभार निदान चार लोकांदेखत मानावेत, असे आमच्या घरात सगळ्यांनाच वाटले, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. तुमची नात ते तुम्हांला वाचून दाखवील अशी आशा आहे. पत्रात थोडा राग इतरांवरचाही आला आहे. तो तुम्हांला आवडणार नाही हे माहीत असूनही मी तो खोडलेला नाही.

इतर वाचकांसाठी इंजिनाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे आमची शेती आहे. तेथे वीज येण्यापूर्वी केळीला पाणी देत होते ते हे इंजिन. इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीने १९२९ च्या सुमारास बाजारात आणलेल्या जातीचे ते आहे : एक सिलिंडर, दोन बाजूंना दोन जड चाके, ५ अश्वशक्ती आणि मिनिटाला ६०० फेरे. त्याआधीच्या कितीतरी तेल-इंजिनांचे डोके ज्योत लावून तापवल्याखेरीज ती सुरू होत नसत. हे मात्र थंड असतानाही नुसत्या हँडलवर सुरू होई. त्याची रचना इतकी साधी आणि दणकट की पुढे राजकोटच्या कारखान्यांनी त्याच नमुन्याची इंजिने हजारोंनी बनवली. आपल्याकडे साताऱ्याचे कूपर आणि पुण्याचे किर्लोस्कर लोकांच्या जास्त ओळखीचे. आजोबांनी मात्र एका जिनिंगवाल्याकडून हे वापरलेलेच विकत घेतले आणि त्या वर्षी मोटेची धाव बैलांवाचून मोकळी झाली. पंपाच्या पाण्याची एक बारीक धार इंजिनाच्या अंगातून फिरवलेली असे. तिचे कढत पाणी थारोळ्याच्या कडेला पडे आणि थंडीच्या दिवसांत निम्मी आळी आंघोळीला आमच्या मळ्यात येई. वीज आल्यावर मोटार बसली आणि इंजिन पत्र्याच्या खोलीत जागच्या जागी गंजत राहिले.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मधल्या काळात पक्षाघाताचा झटका येऊन गेला. उजवा हात बराचसा सुधारला, पण बोलणे संथ झाले. शब्द सापडतो, मात्र तो ओठांवर यायला वेळ लागतो. झटक्यानंतर त्यांनी स्वतःहून मागितलेली पहिली गोष्ट म्हणजे हे इंजिन एकदा चालताना ऐकायचे. आम्ही कामाला लागलो आणि मग जी माणसे भेटली, त्यांच्यामुळेच तुमचे मोल आम्हांला इतके कळले.

एकाने खोलीच्या दारातूनच वजनाचा अंदाज घेतला आणि भंगाराचा भाव सांगितला. तो तरी प्रामाणिक होता असे आता वाटते. दुसऱ्याने अडकलेल्या पिस्टनवर लाकूड न ठेवता सरळ घण घातला. रिंगा गंजून लायनरला धरलेल्या असतात, त्या तेलात मुरू द्याव्या लागतात, एवढा धीर त्याच्याजवळ नव्हता. तिसरे नाव मात्र मोठे होते. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचे ऐसपैस वर्कशॉप आहे. नाव मी लिहीत नाही. त्यांनी इंजिन ट्रॉलीत घालून नेले, आगाऊ रक्कम घेतली, महिनोन्महिने फोनवर ‘झालेच आहे’ असे ऐकवले आणि शेवटी झळझळीत हिरवा रंग मारून परत पाठवले. पितळी पट्टीवरही रंग, ऑइलच्या भोकांतही रंग. ते आमच्याकडे सुरू होईना, तेव्हा त्यांच्या कारागिराने हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरून हँडल मारायला लावले. त्या बोळ्याने पिस्टन वर पोहोचण्याआधीच भडका उडतो, हँडल उलटे फिरते, मनगट मोडू शकते आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, हे तुम्ही नंतर सांगितलेत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कारण हँडलवर माझा पुतण्या होता.

या सगळ्या मंडळींमध्ये एक गोष्ट सारखी होती. आप्पा बाजेवर बसून काही सांगू पाहत आणि त्यांचे पहिले अक्षर बाहेर पडायच्या आत कोणीतरी म्हणे, ‘बाबा, तुम्ही आराम करा.’ वर्कशॉपवाल्याने तर मला बाजूला घेऊन विचारले, ‘त्यांना समजते का?’ समजते, असे मी सांगितले. तरीही त्यानंतर तो आप्पांच्या अंगावरून बोलत राहिला.

तुम्ही अमळनेरच्या बाजूने तापी ओलांडून आलात, तेव्हा मला फारशी अपेक्षा उरलेली नव्हती. जिनिंगमधल्या मोठ्या इंजिनांवर तुमचा हात बसलेला आहे, एवढेच ऐकले होते. तुम्ही पिशवीतून पाना काढला नाहीत. इंजिनाभोवती सावकाश फिरलात, चाकाच्या चावीवर नख फिरवलेत, मग डिझेलची टाकी उतरवून उजेडात धरलीत. टाकीच्या बुडाला कथिलाचा एक ओबडधोबड डाग आहे, तळहाताएवढा. वर्कशॉपवाल्यांनी त्यावरही रंग मारला होता. तुम्ही अंगठ्याने तो खरवडलात आणि आप्पांसमोर जमिनीवर उकिडवे बसून विचारलेत, ‘आप्पा, हा डाग कोणी दिला?’

उत्तर मला ठाऊक होते. मी तोंड उघडले आणि तुम्ही माझ्याकडे न पाहताच ऑइलने माखलेला तळवा माझ्या दिशेने वर केलात. मी गप्प झालो. आप्पांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता, आणि तुम्ही टाकी मांडीवर घेऊन त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत बसून होतात. मी पुन्हा चुळबुळ केली तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, ‘कसाले घाई करस, भाऊ?’

नाना, हे पत्र खरे तर त्या वर केलेल्या तळव्यासाठी आहे.

आप्पा बोलले. थांबत थांबत, पण सगळे बोलले. १९७२ च्या दुष्काळात विहिरीचे पाणी इतके खाली गेले की वर ठेवलेल्या पंपाला ते ओढता येईना. असा पंप पंचवीस फुटांच्या पलीकडचे पाणी खेचू शकत नाही. म्हणून विहिरीतच लाकडी माच बांधला आणि दोरखंड लावून इंजिन आणि पंप आत सोडले. सोडताना टाकी दगडावर आदळून शिवणीत फुटली. त्या दिवसांत मिस्त्री मिळणे अशक्य होते, कारण ज्याच्या त्याच्या विहिरीवर हेच चालले होते. तेव्हा गावात आलेल्या कल्हईवाल्याकडून कथिल घेऊन आप्पांनी स्वतः तो डाग दिला होता. तुम्ही टाकी पाण्याने भरून रात्रभर ठेवलीत, सकाळी खालचा कागद कोरडा निघाला, आणि तुम्ही निकाल दिलात, ‘जोड पक्का शे, राहू दे.’ नवी टाकी सहज मिळत होती, आणि मी तसे म्हणालोही होतो. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराच्या कामाला दिलेली ती मान्यता होती, आणि दुसरा कारागीर माझा बाप होता, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा जाणवले. आम्ही त्यांना शेतकरीच समजत आलो होतो.

पण गोष्ट येथे संपली नाही आणि म्हणूनच मला ही हकिकत सविस्तर लिहावीशी वाटते. एकदा बोलते झालेले आप्पा थांबायला तयार नव्हते. त्यांनी सांगितले की सिलिंडरच्या बुडाखाली पातळ पत्र्याच्या दोन चकत्या असायच्या. जुना मिस्त्री त्या डोळ्यांत तेल घालून जपायचा. तुम्ही ताठ झालात. सिलिंडर उचलून पाहिला तर चकत्या गायब होत्या आणि वर्कशॉपवाल्यांनी त्यांच्या जागी जाड पॅकिंग कापून ठोकून दिले होते. पिस्टनच्या डोक्यावर शिशाची तार ठेवून, हेड बसवून तुम्ही चाक एकदा हाताने फिरवलेत आणि तार काढून मला दाखवलीत : ती जेमतेम चेपली होती. पिस्टन अगदी वर आला असताना त्याच्या आणि हेडच्या मध्ये एखाद-दीड मिलिमीटरची फट राहायला हवी. येथे ती त्याहून किती तरी जास्त होती. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते, दाबलेली हवाच तापून तेल पेटवते. फट वाढली की दाब कमी, दाब कमी की उष्णता कमी, आणि मग माणसाने हँडल मारून जीव दिला तरी धुरापलीकडे काही निघत नाही. मोठ्या वर्कशॉपच्या हातून इंजिन सुरू का झाले नव्हते, याचे एक मोठे कारण बाजेवरचा म्हातारा पहिल्या दिवसापासून सांगू पाहत होता. कोणी क्षणभर थांबले असते तर ते त्यांनाही मिळाले असते, फुकट.

बाकीच्या दुरुस्तीचे वर्णन मी करणार नाही. ती करणाऱ्याला तिची गरज नाही आणि इतरांना ती वाचून येणारी नाही. तरी पाण्याच्या पोकळीतून तुम्ही काढलेल्या क्षारांच्या खपल्या आईने एका वाटीत ठेवल्या आहेत, हे सांगितलेच पाहिजे. आपल्या विहिरींचे पाणी किती जड आहे हे पाहुण्यांना दाखवायला त्या तिला उपयोगी पडतात.

सुरू करायच्या दिवशी तुम्ही चाक हळूहळू फिरवत कान डिझेल फवारणाऱ्या नोझलजवळ नेलात, आणि दर दोन फेऱ्यांनी येणारा तो ‘चर्र’ आवाज माझ्या मुलीलाही ऐकायला लावलात. नोझल बोलल्याशिवाय हँडलला जोर लावायचा नाही, आणि हँडल धरताना अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूला गुंडाळायचा नाही, हे दोन नियम ती आता शाळेत सांगत फिरते. हेडवरचे दाब कमी-जास्त करणारे लहान चाक कोणत्या बाजूला फिरवायचे, हे तुम्ही पुन्हा आप्पांनाच विचारलेत. सुरू करताना आत आणि भार आला की बाहेर, असे ते या वेळी न अडखळता म्हणाले. तुम्हांला ते ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

मग लिव्हर पडला, एक खोल ठोका आला, दुसरा आला आणि पाहता पाहता ठोक्यांची रांग लागली. गल्लीतली म्हातारी माणसे कोणी बोलावले नसताना जमली. काही जणांना हा आवाज पिठाच्या गिरणीचा वाटला, काहींना गुऱ्हाळाचा. आप्पा मात्र कान देऊन ऐकत होते आणि वेग सांभाळणारा गव्हर्नर किंचित झोके खातो अशी तक्रार त्यांनी लगेच केली. तुम्ही हसलात आणि ती तक्रार मान्य करून स्प्रिंग बदललीत.

तुमच्यासारखी माणसे कमी झाली आहेत असे लोक म्हणतात, पण मला ते पुरते पटत नाही. एसटीचा एखादा कंडक्टर म्हातारीचे गाठोडे वर ठेवून त्याची सुटलेली गाठ बांधून देतो, तालुक्याच्या दवाखान्यातली एखादी परिचारिका पेशंटला नाव घेऊन हाक मारते, सोसायटीतला एखादा कारकून अंगठा उठवणाऱ्याला आधी कागद वाचून दाखवतो. हा चांगुलपणा आहे, पण त्याची पावती कोणी फाडत नाही, म्हणून तो हिशेबात येत नाही. उलट ज्यांनी रंग मारला त्यांची पावती माझ्याजवळ आहे, जीएसटीसह. कौशल्य त्यांच्याकडेही असेल, यंत्रे तर तुमच्यापेक्षा पुष्कळ होती. ज्याचे इंजिन आहे त्याच्याकडे पाहण्याइतकी सवड मात्र त्यांच्या दरपत्रकात नव्हती. हा टोमणा आहे आणि तो मी विचारपूर्वक मारत आहे.

आणखी एक सांगायचे आहे. आप्पा पूर्वीपेक्षा जास्त बोलतात. डॉक्टर त्याचे श्रेय व्यायामाला देतात, ते त्यांच्या जागी बरोबर असतील. घरात मात्र एक बदल नक्की झाला आहे : आप्पांचे वाक्य अर्धवट असताना ते पूर्ण करून टाकण्याची आमची खोड मोडली आहे. कोणी घाई केलीच तर माझी मुलगी तळवा वर करते.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पहिले ऑइल लवकर बदलले. जुने ऑइल पांढऱ्या फडक्यावर गाळून पाहिले. बेअरिंगच्या धातूची चमक कोठेही दिसली नाही, थोडी काजळी तेवढी होती. रॉकरला रोज हाताने ऑइलचे थेंब देतो. पितळी पट्टीवरचा हिरवा रंग आप्पांनी डाव्या हाताने, चिंच लावून लावून काढला असून आता कंपनीचे नाव आणि नंबर स्वच्छ वाचता येतो. सायलेन्सरच्या जोडातून मात्र अजून किंचित धूर येतो. त्याचे पॅकिंग आम्ही मुद्दाम बदललेले नाही, कारण तुम्हांला बोलावण्यासाठी आईला काहीतरी निमित्त हवे होते. येत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांना घेऊन या. खापरावरच्या पुरणपोळ्या होतील, सांजोऱ्या होतील, रसाचे आंबे आप्पा स्वतः निवडणार आहेत. पाना आणू नका, येथे आहे. आणि मजुरीचा विषय या वेळी आई काढणार आहे, तेव्हा चहा मागून सुटका होईल असे समजू नका.

तुमचा कृतज्ञ,
आप्पांचा थोरला मुलगा