ऑर्कनीला येताना बोटीनेच या

कर्कवॉल, ऑर्कनी
दि. ९ मार्च २०२५

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचा व्हिसा मिळाल्याचे कळले आणि फार आनंद झाला. जूनमध्ये येण्याचे ठरवलेत हे उत्तम केलेत, कारण त्या महिन्यात येथे सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो आणि दिवसभर बेटांवर हिंडूनही उजेडात घरी परतता येते. एडिंबरोहून थेट कर्कवॉलचे विमान असताना मी आगगाडीचा आणि बोटीचा लांबचा मार्ग का सुचवते, असे बाबांनी विचारले आहे. त्याचे उत्तर सविस्तर लिहिते.

ऑर्कनीत लहानमोठी सत्तरेक बेटे आहेत. त्यांतल्या वीसेक बेटांवर वस्ती आहे आणि सगळी मिळून माणसे सुमारे २२ हजार. स्कॉटलंडची भूमी आणि ही बेटे यांच्यामध्ये पेंटलंड फर्थ ही सामुद्रधुनी आहे. अटलांटिक आणि उत्तर समुद्र तेथे एकमेकांना भिडतात, त्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळी पाण्याला जी ओढ असते तिच्याइतकी जोराची ओढ जगात फार थोड्या ठिकाणी आढळते. विमानातून हे काहीच कळत नाही. इन्व्हर्नेसहून निघालेली आगगाडी जवळजवळ चार तासांनी थर्सोला पोहोचते. तेथून जवळच स्क्रॅबस्टरचा धक्का आहे आणि तेथे लागलेली ‘हॅमनावो’ नावाची मोठी बोट दीड तासात स्ट्रॉमनेसला आणते. वाटेत ‘हॉय’ नावाच्या बेटाचे उभे कडे आणि त्यांच्यापासून सुटून समुद्रात एकटाच उभा असलेला १३७ मीटर उंचीचा दगडी सुळका दिसतो. आपण कोणत्या समुद्रातल्या बेटांवर चाललो आहोत हे या दीड तासात समजते, आणि म्हणूनच माझा बोटीचा आग्रह आहे. आई, तुला बोट लागते हे माझ्या लक्षात आहे; गोळी बोट सुटण्याआधीच घ्यावी, खालच्या मजल्यावर मधोमध बसावे आणि सुळका जवळ आला की बाबांचा हात धरून डेकवर यावे.

येथे आल्यावर मात्र बोट आणि विमान दोन्ही लागतील. दक्षिणेकडच्या काही बेटांवर मोटारीने जाता येते, कारण ऑक्टोबर १९३९ मध्ये जर्मन पाणबुडीने स्कापा फ्लो या येथल्या नौदलाच्या तळात शिरून ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडवल्यानंतर चर्चिल यांच्या हुकमावरून बेटांमधल्या चिंचोळ्या खाड्या बंद करण्यात आल्या. ते बांध घालण्याच्या कामावर इटालियन युद्धकैदी होते आणि त्याच बांधांवरून आज रस्ता जातो. उत्तरेकडच्या बेटांना असा रस्ता नाही. फिजिओथेरपीच्या कामासाठी मला तिकडेच जावे लागते, म्हणून ती व्यवस्था मी जवळून पाहते.

दाभोळहून धोपाव्याला जाताना आपण फेरीबोटीत गाडी चढवतो, तशीच येथे वेस्ट्रे, सँडे, स्ट्रॉन्से या बेटांकडे जाणाऱ्या रो-रो बोटींत चढवतात, पण तिच्या मागेपुढे वासरांनी भरलेले ट्रक, गवताचे भारे आणि बांधकामाचे सामान असते. येथल्या शेतीचा मोठा आधार गुरांवर आहे. वासरे कर्कवॉलच्या बाजारात पोहोचली नाहीत तर शेतकऱ्याच्या हाती पैसा येत नाही. बेटाचा संसार बोटीवर चालतो तो असा. नॉर्थ रोनाल्डसे मात्र याला अपवाद आहे. तेथे बोटीच्या फेऱ्या आठवड्याला जेमतेम एक-दोन आणि गाडी क्रेनने उचलून धक्क्यावर उतरवावी लागते, त्यामुळे माणसांची सारी भिस्त विमानावर असते.

या प्रकारचे विमान १९६७ पासून बेटांमध्ये फिरते. त्याला दोन पंखे आहेत आणि आठच प्रवासी त्यात मावतात. आत मधून चालायला वाट नसते. मोटारीप्रमाणे बाजूचे दार उघडून सरळ आपल्या बाकावर बसायचे. तोल सांभाळण्यासाठी कोणी कोठे बसावे हे तेथली माणसे सांगतात, आणि कधी वैमानिकाच्या शेजारची जागा वाट्याला येते. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर २.७ किलोमीटर आहे. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटे दिलेली आहेत, आणि अनुकूल वाऱ्यात ते ५३ सेकंदांत पार झाल्याची नोंद आहे. जगातील हे सर्वांत छोटे नियमित उड्डाण म्हणून लोक कौतुकाने येतात. माझ्या रुग्णांच्या दृष्टीने त्याचे मोल वेगळे आहे: गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजींना तपासून मी त्याच दिवशी परतू शकते आणि शेजारच्या बाकावर औषधांची खोकी असतात.

बोट आणि विमान ही दोन्ही का हवीत, हे मला येथल्या हवामानाने शिकवले. उन्हाळ्यात समुद्रावरून दाट धुके येते आणि धावपट्टी दिसेनाशी झाली की विमान जागचे हलत नाही. बोट मात्र रडारच्या आधाराने सावकाश निघते. उलट हिवाळ्यात मोठ्या लाटांमुळे बोटीला धक्क्याला लागता येत नाही, तेव्हा वारा धावपट्टीच्या रेषेत असेल तर विमान जाऊन येते. दोन्ही बंद पडली तर बेट खरोखर तुटते. दोन्ही सेवांना सरकारी पैशाचा आधार आहे. तिकिटांवर त्या चालणार नाहीत हे उघड आहे, पण त्या थांबल्या तर शाळा, दवाखाना आणि मागोमाग माणसेही बेट सोडतील, आणि म्हणून हा खर्च मला अगदी योग्य वाटतो.

आपला बेत मी असा आखला आहे. कर्कवॉलहून सकाळच्या बोटीने वेस्ट्रेला जाऊ, तेथून ते दोन मिनिटांचे उड्डाण करून पापा वेस्ट्रेला उतरू आणि समुद्रकाठचे नॅप ऑफ हाउअर पाहू. पाच हजार वर्षांहून जुने ते दगडी घर इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीचे आहे, आणि त्याच्या बुटक्या दारातून आजही वाकून आत जाता येते. परतताना थेट कर्कवॉलचे विमान घेऊ. नेमक्या तारखा मात्र लवकर कळवा, कारण विमानात जागा आठच असतात. धुक्यासाठी एक दिवस मोकळा ठेवून परतीचे तिकीट काढा. मोठ्या बॅगेऐवजी दोन लहान पिशव्या आणा. छोट्या विमानात सामानाला जागा कमी असते.

आजीस साष्टांग नमस्कार. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सोबत घ्याव्यात.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
मंजिरी