लिनक्सचा पहिला डेस्कटॉप नवख्यांसाठी हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि चांगले चालणारे जुने लॅपटॉप टाकून देण्यापेक्षा विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम वापरून पाहू, असे अनेकांच्या मनात आले. मीही वडिलांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिले. त्यात काहीच अडले नाही. अडले ते पुढे.

वडिलांनी पेन ड्राइव्हवर फोटो कॉपी केले. कॉपी किती झाली ते दाखवणारी पट्टी शेवटपर्यंत गेली, त्यांनी ड्राइव्ह काढला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर निम्मे फोटो उघडेनात. "माझ्याच हातून काहीतरी बिघडलं असेल," असे ते मला म्हणाले, आणि ते वाक्य मला फार लागले. लिनक्स फाइल आधी मेमरीत घेते आणि मग ड्राइव्हवर सावकाश लिहीत राहते. पट्टीने मोजली ती मेमरीतली कॉपी. खरे लिखाण मागे चालूच होते. ड्राइव्ह काढण्याआधी 'इजेक्ट' करायचे असते हे जाणकाराला ठाऊक असते. पण ज्याच्या हाताला ती सवय नाही, त्याला दोष का द्यावा? विंडोजने २०१८ च्या १८०९ क्रमांकाच्या आवृत्तीपासून असे ड्राइव्ह पटकन काढता यावेत हीच मूळ सेटिंग ठेवली. थोडा वेग गेला, पण तो योग्य निर्णय होता.

अशा तक्रारीवर लिनक्सच्या जाणकारांचे उत्तर ठरलेले असते: सेटिंग बदलता येते. येते ना! पण बदलण्यासारखे काही आहे हे नवख्याला कळणार कसे? त्याच्यासाठी पहिल्या दिवशी समोर दिसते तेच लिनक्स. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपने, म्हणजे विंडो-मेनूंच्या मांडणीने, २०११ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत विंडोवरची मिनिमाइझ आणि मॅक्झिमाइझ ही बटणे काढून टाकली. खाली टास्कबारच नाही, तर मिनिमाइझ केलेली विंडो जाणार कुठे, हा त्यामागचा विचार त्यांच्या रचनेत बसतो. पण वर्षानुवर्षे त्याच कोपऱ्यात क्लिक करणाऱ्या माणसाला तिथे फक्त फुली सापडते. उबंटू हा लिनक्सचा एक प्रकार ग्नोमच वापरतो, पण ही बटणे आणि कडेला एक डॉक, म्हणजे अ‍ॅपच्या चिन्हांची पट्टी, लावून देतो. एवढ्याने केवढा फरक पडतो!

केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये कित्येक वर्षे फाइल एका क्लिकवर उघडत असे. डबल क्लिकची सवय असलेल्याच्या दोन-दोन विंडो उघडायच्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत डबल क्लिक ही मूळ सेटिंग झाली. एक क्लिक हवा असणाऱ्यांचा पर्याय तसाच राहिला. मला हवे आहे ते हेच. ज्याला बदल करता येतो त्याने बदल करावा, आणि ज्याला येत नाही त्याला पहिल्यापासून सोयीचे मिळावे.

लिनक्स मिंट हा लिनक्सचा आणखी एक प्रकार सुरुवातीलाच स्वागताची विंडो दाखवून टाइमशिफ्ट या अ‍ॅपने सिस्टिमचे स्नॅपशॉट, म्हणजे बिघाड झाल्यास मागे जाता येईल अशी नोंद, घ्यायला सुचवतो. माझ्या मते ही नुसती सूचना नसावी, इन्स्टॉल करतानाच विचारलेला प्रश्न असावा. सॉफ्टवेअरच्या यादीत एकच अ‍ॅप दोन-तीन प्रकारांत दिसते, तिथेही नवख्याला एकच दाखवावे.

आपल्या तंत्रज्ञानविषयक पानावर लिनक्सची ओळख करून देताना, ज्याने ते कधीच वापरलेले नाही अशा माणसाला तासभर त्यासमोर बसवून तो कुठे अडतो ते जरूर छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक