पॉसलथ्वेट म्हणजे फक्त ‘इन्सेप्शन’ नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील इंग्लिश चरित्र अभिनेत्यांवरील लेखात पीट पॉसलथ्वेट यांची ओळख ‘इन्सेप्शन’मधला मरणासन्न उद्योगपती, एवढ्यावरच उरकली आहे. वॉरिंग्टनला १९४६ साली जन्मलेला हा नट आधी शिक्षक होता; ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत शिकून लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात घडला. पडद्यावर दखल घेतली गेली ती चाळिशीनंतर, ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज’मधल्या (१९८८) मारकुट्या बापामुळे.

ऑस्कर नामांकन मिळालं ‘इन द नेम ऑफ द फादर’मधल्या (१९९३) मुलासोबत निरपराध असूनही तुरुंगात गेलेल्या जुसेप्पे कॉनलनसाठी. प्रत्यक्षात बापलेक एका कोठडीत नव्हते, ती पटकथेची सोय. पण मुलाच्या भूमिकेतला डॅनियल डे-लुईस संतापाने उसळत असताना हा बाप आवाज न चढवता प्रसंग खिशात घालतो. ‘ब्रास्ड ऑफ’मध्ये (१९९६) फुप्फुसं कोळशाच्या धुळीने निकामी झालेला, खाणकामगारांच्या बँडचा बँडमास्टर डॅनी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये करंडक नाकारतो, ते भाषण नवोदित नटांनी पुन्हापुन्हा पाहावं. तिथले सूर मात्र खऱ्या ग्राइमथॉर्प कोलियरी बँडचे!

आणि २००८ मध्ये एव्हरीमनलाच परतून केलेला किंग लिअर? २ जानेवारी २०११ रोजी ते गेले. लेखात त्या लिअरसाठी एक ओळही नसावी, हे खटकलं.

— एक नाट्यरसिक, पुणे