रविवारी अकरा वाजता, खिडकीकडे तोंड करून

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू ‘बरं बरं’ म्हणून विषय संपवला असतास, म्हणून लिहिते आहे. यंदा गणपतीला मी येत नाही. नवीन नोकरीचे पहिले सहा महिने आहेत, आत्ता रजा मागणं बरं दिसत नाही. शिवाय दिवाळीला आले की जास्त राहता येईल, बाबांच्या तपासण्यांना बरोबर जाता येईल. आरतीला दादा आहे, मोदकांना काकू आहे. वाईट वाटून घेऊ नका.

पण तोवर तुम्ही मला नीट दिसायला हवेत. रात्रीच्या कॉलवर बाबांच्या चेहऱ्यावर नुसते ठिपके नाचतात. पायाची सूज उतरली म्हणता, मला पाय कुठे आणि चादर कुठे तेच कळत नाही.

बाबा, तुम्ही नेटला दोष देता. आधी लॅपटॉपमधलं ‘कॅमेरा’ ॲप उघडून बघा, त्याला नेट लागत नाही. तिथेही ठिपके असतील तर कारण उजेड किंवा कॅमेरा. तिथे स्वच्छ आणि कॉलवर चौकोन-चौकोन दिसत असेल तर नेट; मग लॅपटॉप राउटरच्या खोलीत न्या. मला तरी उजेडच वाटतो. झाकणाच्या पातळ कडेत बसवलेला तो इवलासा 720पी कॅमेरा, अंधारात चित्र ओढूनताणून उजळतो, त्याचेच ठिपके होतात. त्यात ट्यूब तुमच्या पाठीमागे, म्हणून चेहरा काळा.

लहानपणी माझा घसा बघायला तुम्ही मला अंगणात उन्हाकडे तोंड करून उभं करायचात. दिव्यात काही कळत नाही म्हणायचात. आता तसंच तुम्ही बसायचं. रविवारी सकाळी अकराला, खिडकीकडे तोंड करून. इथे जर्मनीत तेव्हा साडेसात वाजतात, मी उठलेली असते, माझी झोपमोड होत नाही.

1080पीचा यूएसबी कॅमेरा मागवला आहे. परत करायचा नाही, किंमतही विचारायची नाही. दादा जोडून देईल; कॉलच्या सेटिंगमध्ये नवा कॅमेरा निवडायला त्याला आठवण करा. तोवर जुन्याची काच चष्म्याच्या फडक्याने पुसा. आई, पदराने नको.

आणि बाबा, कॉल लागला की आधी दोन्ही पाय दाखवायचे, मोजे काढून. गप्पा नंतर.

तुमची,
मनू