मटार सोलणं हेही कामच

महोदय,
पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात मी ‘उपक्रम संयोजक’ आहे. पद भारदस्त, पगार चौदा हजार. सकाळी पेपरवाचन, अकराला खुर्चीतले व्यायाम, संध्याकाळी भजन किंवा पत्ते, असं नेमणूकपत्रात लिहिलंय. प्रत्यक्षात एखादी मावशी रजेवर गेली की डायपर बदलणं, अंघोळ घालणं, रात्रीच्या गोळ्या देणं हेही माझ्याकडेच येतं. त्याबद्दल तक्रार नाही, पण त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत. मावशींचं तर याहून वाईट. बारा तासांची पाळी, पगार मावश्या पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत, खाडा झाला की कपात.

हिवाळ्यात मी आज्यांपुढे मटाराच्या शेंगा ओतते. एका आजींना मुलीचं नाव आठवत नाही, पण शेंग हातात आली की अंगठा बरोबर शिवणीवर जातो. त्या दुपारी त्या एकदाही ‘घरी सोडा’ म्हणत नाहीत. व्यवस्थापक याला ‘टाइमपास’ म्हणतात. (मटारउसळ मात्र आवडीने खातात.)

ज्येष्ठांच्या पालनपोषणाचा २००७चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा म्हणतो. तिथे राबणाऱ्यांच्या पगाराबद्दल त्यात अवाक्षर नाही. नातेवाईक दरमहा भरतात त्या रकमेतलं काम करणाऱ्या माणसांवर किती खर्च होतं, हे आश्रमांनी निदान पावतीवर तरी छापावं. आमच्याकडे विचारलं, तर ‘सेवा आहे ही’ असं ऐकवलं गेलं. सेवेने घरभाडं भागत नाही.

— एक कर्मचारी, पुणे
(नाव न छापण्याची विनंती)