‘ब्रिटिश वृत्तपत्रांनुसार’ म्हणजे नेमके कोणाच्या मते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ब्रिटिश वृत्तपत्रांनी दिलेल्या वृत्तानुसार’ हे शब्द आपल्या परदेश-वार्तांच्या पानावर वरचेवर दिसतात. इतर मराठी दैनिकेही हेच करतात, पण रोज वाचतो ते आपलेच दैनिक, म्हणून तक्रारही आपल्याकडेच. अमुक बातमी कोणत्या पत्राने दिली, हे गाळले की त्या बातमीतले अर्धे गाळले जाते.

तिथल्या दूरचित्रवाणीला ऑफकॉम या प्रसारण-नियामक संस्थेच्या नियमांनुसार निःपक्षपातीपणा पाळावा लागतो. छापील पत्रांवर ते बंधन नाही. निवडणुकीच्या तोंडावर कोणाला मत द्यावे हे अग्रलेखात सांगणे तिथे रीतीला धरूनच आहे. टेलिग्राफ, मेल, एक्स्प्रेस हुजूर पक्षाच्या बाजूचे, मिरर मजूर पक्षाचा, गार्डियन डावीकडे झुकलेला उदारमतवादी, ही ओळख ढोबळमानाने खरी आहे. पण ‘मालक तसे पत्र’ एवढाच हिशेब धरला तर फसगत होते. मिरर आणि एक्स्प्रेस हे दोन्ही २०१८ पासून एकाच कंपनीचे आहेत, तरी दोघांचे वाचक वेगळे आणि सूरही वेगळे. ‘सन’ हे दैनिक तर मुळात कामगार संघटनांच्या ‘डेली हेरल्ड’चा वारस. १९६४ मध्ये नाव बदलले, १९६९ मध्ये माध्यमसम्राट रुपर्ट मर्डोक यांनी ते विकत घेतले आणि १९७९ मध्ये त्याच पत्राने हुजूर पक्षाच्या थॅचरबाईंचा प्रचार केला.

याच सनचे ३० एप्रिल २०१५ चे अंक शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. इंग्लंडच्या आवृत्तीत पहिल्या पानावर दुपट्यात गुंडाळलेले बाळ, त्याला चेहरा तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांचा, आणि पाठिंबा हुजूर पक्षाला. स्कॉटलंडच्या आवृत्तीत निकोला स्टर्जन ‘स्टार वॉर्स’मधल्या राजकन्येच्या वेशात, आणि पाठिंबा स्कॉटिश नॅशनल पार्टीला. मालक एक, दिवस एक, पक्ष दोन. गिऱ्हाइकाच्या मनातले त्यालाच विकायचे, असा हा व्यवहार. दैनिक आणि त्याच नावाचे रविवारचे पत्र यांचे संपादकही बऱ्याचदा वेगळे असतात. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात डेली मेल युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने होता, तर मेल ऑन संडे राहण्याच्या. टाइम्सने राहा म्हटले, संडे टाइम्सने बाहेर पडा. आपल्याकडे ‘मेलच्या मते’ असे छापताना वार तरी पाहायला हवा.

वृत्तपत्र वाचकाला घडवते की वाचक वृत्तपत्राला? ९ एप्रिल १९९२ ला, मतदानाच्याच दिवशी, सनने मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांचे डोके विजेच्या दिव्यात बसवून छापले आणि ते जिंकले तर देश सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत, असा मथळा दिला. हुजूर पक्ष जिंकल्यावर ‘आम्हीच जिंकून दिले’ अशी फुशारकीही मारली. ती पोकळ होती, असे पुढे खुद्द मर्डोक यांनीच वृत्तपत्रांच्या वर्तनाबद्दलच्या लेव्हसन चौकशीत सांगितले. पण १९९७ ची गोष्ट निराळी. त्या वेळी सनसह काही पत्रे अनपेक्षितपणे मजूर पक्षाच्या टोनी ब्लेअर यांच्याकडे वळली. दोन अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी त्याच वाचकांची आधीची आणि नंतरची मते ताडून पाहिली, तेव्हा या पत्रांच्या वाचकांपैकी १० ते २५ टक्के लोक मजूर पक्षाकडे वळवले गेल्याचा अंदाज निघाला.

लिव्हरपूलचा दाखला त्याहून बोलका आहे. एप्रिल १९८९ मध्ये लिव्हरपूलच्या फुटबॉल सामन्यात शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत ९७ माणसांचा जीव गेला (शेवटचा मृत्यू बऱ्याच वर्षांनी झाला). दुर्घटनेनंतर चारच दिवसांनी सनने ‘सत्य’ या मथळ्याखाली लिव्हरपूलच्या प्रेक्षकांवर मृतांचे खिसे कापल्याचे खोटे आरोप छापले. शहराने सन घेणेच टाकले आणि तो बहिष्कार टिकला. १९९० पासून सन युरोपविरोधाचा नगारा बडवत होता, तो आवाज या भागात फारसा पोचलाच नाही. तिथला युरोपविरोध इंग्लंडच्या इतर भागांच्या तुलनेत उतरत गेल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. सार्वमतात लिव्हरपूल शहराने ५८ टक्के मते राहण्याच्या बाजूने दिली. सगळे श्रेय बहिष्काराला देता येणार नाही, कारण हा भाग बहिष्काराच्या आधीही मजूर पक्षाकडेच झुकलेला होता.

आता आपल्या भाषांतर-मेजाकडे येतो. ब्रिटिश मथळ्यातले एकेरी अवतरणचिन्ह शोभेचे नसते. ‘हे आमचे म्हणणे नाही, दुसऱ्या कोणाचा दावा आहे’ असा त्याचा अर्थ. मराठीत येताना ते हमखास गळते आणि दाव्याची बातमी होते. मार्च २०१६ मध्ये राणीचा ब्रेक्झिटला पाठिंबा असल्याचा मथळा सनने दिला. मथळ्यातले विधान मजकुराला पेलणारे नव्हते. इप्सो या नियमन संस्थेने तो ठळकपणे दिशाभूल करणारा ठरवला आणि सनला तो निकाल छापावा लागला. मथळा बातमीदार नव्हे, उपसंपादक लिहितो; त्यामुळे केवळ मथळ्यावरून बातमी उचलणे सर्वांत धोक्याचे.

पत्र कोणत्या बाजूचे, ते एखाद्या गोष्टीला दिलेल्या नावावरूनही कळते. २०१३ मध्ये सरकारी घरांत जादा खोली असणाऱ्यांचा भाडेभत्ता कापला गेला, एका खोलीसाठी १४ टक्के, दोन किंवा अधिक खोल्यांसाठी २५ टक्के. सरकारी भाषेत ती ‘जादा खोलीच्या अनुदानाची समाप्ती’, विरोधकांच्या तोंडी ‘बेडरूम टॅक्स’. बातमीदाराने यातला कोणता शब्द अवतरणाशिवाय वापरला, ते पाहिले की अग्रलेख वाचायची फारशी गरज उरत नाही. मराठीत आपण सरसकट ‘नवा कर’ लिहून मोकळे होतो. तो कर नव्हताच.

मराठी वाचकाला हे नवे नाही. ‘टाइम्स’च्या व्हॅलेंटाइन चिरोल यांनी टिळकांना ‘भारतीय असंतोषाचे जनक’ म्हटले ते दूषण म्हणून. टिळकांनी लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये तो हरले. ते दूषण आपण पुढे बिरुद म्हणून मिरवले, पण लिहिणारा कोण आणि कोणत्या पत्राचा, हे त्या वेळी प्रत्येकाला ठाऊक होते.

मागणी छोटी आहे. अशा बातमीत पत्राचे नाव द्यावे, मजकूर बातमी आहे की अग्रलेख की एखाद्याचे सदर हे लिहावे, आवृत्ती स्कॉटलंडची किंवा रविवारची असेल तर तसे नमूद करावे आणि मथळ्यातले अवतरणचिन्ह जसेच्या तसे ठेवावे. जागा जेमतेम एका ओळीची लागेल.

आपला,
एक वाचक, पुणे