मन्सुरियन म्हणजे केवळ शोक नव्हे

रविवारच्या पुरवणीतील आर्मेनियन संगीतावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण आर्मेनियन संगीतकार तिग्रान मन्सुरियन यांना ‘नरसंहाराचा संगीतकार’ ठरवून मोकळे होणे पटले नाही. त्यांचे २०११चे ‘रेक्विएम’ (मृतांसाठीचे प्रार्थनासंगीत) १९१५ साली ऑटोमन साम्राज्यात सुरू झालेल्या आर्मेनियन नरसंहारातील बळींना अर्पण केलेले आहे, हे खरेच. मात्र त्यातील मौज वेगळीच आहे. शब्द रोमन कॅथलिक परंपरेतले, लॅटिन. आणि ते ऐकणारा मन्सुरियन यांचा कान आर्मेनियन चर्चमधल्या जुन्या स्तोत्रगायनावर पोसलेला. या दोन्हींचा मेळ घालणे हे अश्रूंचे नव्हे, कारागिरीचे काम आहे. (शोककथा सांगायला सोपी जाते, हे मान्य!) १९३९ साली बैरूतमध्ये जन्मलेले मन्सुरियन १९४७ मध्ये कुटुंबासह सोव्हिएत आर्मेनियात आले. पुढे त्यांनी सोव्हिएत दिग्दर्शक परजानोव्ह यांच्या ‘डाळिंबांचा रंग’ या चित्रपटालाही संगीत दिले. ‘हायरेन’ या ध्वनिमुद्रिकेत किम काश्काशियान यांच्या व्हायोलाबरोबर (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या सुराचे वाद्य) ते स्वतः जुन्या पिढीतले आर्मेनियन संगीतकार कोमितास यांची गाणी गातात. आवाज कमावलेला नाही. घरातल्या वडीलधाऱ्याने संध्याकाळी स्वतःशीच गुणगुणावे तसा. लेखात या ध्वनिमुद्रिकेचा साधा उल्लेखही नाही.

— एक वाचक, पुणे